सतरा नंबरचं मशीन आणि एक इसम

लिलावाच्या यादीत त्याचं वर्णन एवढंच होतं : 'शिलाई यंत्र, औद्योगिक, जुने, क्र. १७, जसे आहे तसे.' यातल्या शेवटच्या तीन शब्दांकडे मी दुर्लक्ष केलं. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. गेली बावीस वर्षं मी लोकांना त्यांच्याच पॉलिसीच्या मागच्या पानावरचे बारीक शब्द दाखवतो आणि त्यांचे दावे नम्रपणे नामंजूर करतो. अशा माणसाला 'जसे आहे तसे' दिसू नये, म्हणजे पोहण्याच्या मास्तराने बादलीत बुडण्यासारखं झालं.

पण माझ्या बाजूनेही एक गोष्ट होती. आमची ही चामड्याची दप्तरं करते. हाताने. आधी टोच्याने भोकं पाडायची, मग एका धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया घेऊन दोन्हीकडून शिवत जायचं. एक दप्तर म्हणजे अडीच दिवस आणि दोन बोटांना चिकटपट्टी. इतके दिवस ती ओळखीपाळखीत एखाददुसरं करून द्यायची. मग घरं बांधणाऱ्या आर्किटेक्ट मंडळींची कसली तरी परिषद ठरली आणि त्यांनी पस्तीस दप्तरं मागितली. मुदत चाळीस दिवस. हिने फोनवर 'हो' म्हणून टाकलं. कुणालाही न विचारता. कुणालाही म्हणजे मला.

मी पस्तीस गुणिले अडीच करून दाखवलं. ती म्हणाली, "मग काहीतरी करायला हवं."

हे वाक्य ती स्वतःशीच बोलली होती, असं तिचं आजही म्हणणं आहे. मला ते हाक मारल्यासारखं ऐकू आलं. तिसऱ्या दिवशी मी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या तंबूच्या कारखान्यात जाऊन सतरा नंबर घेऊन आलो.

चार हमाल, तीन मजले आणि एक वळणाचा जिना. मशीनचं डोकं काळंभोर, हत्तीच्या पिल्लाएवढं. टेबल लाकडी, खाली भोपळ्याएवढी मोटार. हमालांपैकी वयस्काने घाम पुसत विचारलं, "साहेब, हे इथं नक्की हवंय ना? कारण आम्ही परत न्यायला येणार नाही."

मशीनला जागा करायची म्हणून जेवणाचं टेबल बेडरूममध्ये गेलं, आणि तेव्हापासून आम्ही पलंगाच्या काठावर बसून जेवू लागलो. हिने मशीनभोवती एक फेरी मारली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खाली कोरलंय काहीतरी. 'माझ्या कात्रीला हात लावू नये.'"

"कुणीतरी कामगार असेल," मी म्हणालो. मला त्या वेळी तंत्रज्ञानात रस होता, साहित्यात नव्हता.

आमच्या खालच्या मजल्यावर पूलकाका राहतात. सरकारी नोकरीत आयुष्यभर पूल बांधले, आता आमच्या सोसायटीचे अध्यक्ष आहेत. पूल बांधणाऱ्या माणसाला निवृत्तीनंतर वजनाची फार आठवण येते. मशीन वर आल्यावर तासाभरात ते दारात उभे.

"किती भार आहे?"

"कशाचा?"

"अहो, तुमच्या स्वभावाचा विचारतोय का मी? त्या मशीनचा! स्लॅब माझ्या डोक्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या दिवाणखान्याच्या छताला एक ओळंबा टांगला. दोरीच्या टोकाला पितळी लोलक, त्याच्याखाली जमिनीवर कागद, कागदावर फुली. छत किती खाली येतं ते रोज सकाळी मोजायचं, असा बेत होता. पहिल्या दिवशी छत पाव मिलिमीटर खाली आलं, दुसऱ्या दिवशी अर्धा मिलिमीटर वर गेलं. छत वर कसं जाईल, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तेच जास्त धोक्याचं." आणि सल्ला दिला, "मशीन खोलीच्या मध्यभागी नको, भिंतीलगत ठेवा." ठेवलं. चार दिवसांनी म्हणाले, "भिंतीलगत नको, भिंत माझ्याही घरातून जाते."

आता दुरुस्तीकडे वळतो. पहिल्या शनिवारी मी मशीन उघडलं. रॉकेल, जुने फडके, तीन पाने, आणि प्रत्येक सुटा भाग क्रमाने ठेवायला आमचे केकचे दोन ट्रे. लोकांच्या गोष्टींत मशीन परत जोडल्यावर स्क्रू उरतात. माझे दोन कमी पडले. म्हणजे ते कुठे गेले हा प्रश्न नव्हता. ते आतच कुठेतरी गेले होते, आणि आत कुठे हा प्रश्न होता. मशीन हलवलं की ते खुळखुळ वाजून आपण सुखरूप असल्याचं कळवत.

या मशीनमध्ये 'टेन्शन' नावाचा एक भाग असतो. दोन छोट्या चकत्या, त्यांच्यामधून धागा जातो, आणि एक स्प्रिंग त्या चकत्या आवळून धरते. स्प्रिंग उडाली. ती खिडकीतून गेली. टेन्शन मशीनमधून निघून माझ्यात आलं ते त्या क्षणी.

मग मोटार. वायरमन आला, खाली वाकला आणि सरळ होताना हसत होता. "साहेब, ही थ्री फेजची मोटार. तुमच्या घरात ती फिरणार नाही. कारखान्याचं कनेक्शन लागेल."

सरळमार्गी माणसाप्रमाणे मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी सहा पानी अर्ज दिला. मालाचं नाव, कामगारांची संख्या, इथपर्यंत ठीक होतं. चौथ्या पानावर रकाना होता : 'धुरांड्याची उंची'.

मी 'लागू नाही' लिहिलं.

"असं चालत नाही," बाई म्हणाल्या. "उंची आहे ना? मग आकडा लिहा."

मी शून्य लिहिलं.

बाईंनी चष्मा वर केला. "शून्य? म्हणजे धूर थेट जमिनीवर सोडणार? मग प्रदूषणाचा दाखला लागेल."

"अहो बाई, धूरच नाही. शिलाई मशीन आहे."

"धूर नाही तर धुरांडं कशाला बांधताय?"

दुसऱ्यांचे दावे फेटाळताना मी हाच सूर लावतो, हे मला तिथे उभं राहून प्रथमच ऐकू आलं. वाईट वाटलं, पण बाईंचं कौतुकही वाटलं. माझ्यापेक्षा त्या सरस होत्या.

अर्ज तसाच दाखल झाला. घरी आलो तर वायरमनचा निरोप : भंगारवाल्याकडे साध्या घरगुती विजेवर चालणारी मोटार मिळाली आहे, अर्ध्या तासात बसवतो. मी आनंदाने परत वीज कार्यालयात गेलो आणि अर्ज मागे घेतो म्हणालो.

"दाखल झालेला अर्ज मागे घेता येत नाही," बाई म्हणाल्या. "आता निरीक्षक पाहणीला येतील. आल्यावर त्यांना सांगा."

"कधी येतील?"

"ते आल्यावर कळेल."

नवी मोटार बसली आणि पहिल्या चाचणीचा दिवस उजाडला. ही दोन्ही हातांनी चामड्याचा एक चांगला तुकडा घेऊन आली. दप्तराच्या झाकणाचा, तिने निवडून बाजूला ठेवलेला, तपकिरी, मऊ. "आधी टाकाऊ तुकड्यावर करू या का?" असं तिने विचारलं होतं. मी म्हणालो, "विश्वास ठेव."

मी पायपट्टीवर पाय ठेवला. फक्त ठेवला, हे मी शपथेवर सांगतो. या जातीच्या मोटारीला मधला वेग माहीत नसतो. ती एक तर झोपलेली असते, नाहीतर उधळलेली. कानठळ्या बसवणारा आवाज झाला, चामडं पुढे पळालं, त्याच्यामागे माझा हात पळाला आणि मी पाय काढेपर्यंत माझ्या शर्टाची उजवी बाही दप्तराच्या झाकणाला कोपरापर्यंत शिवली गेली होती. हात वाचला. खाली धाग्याचा असा गुंता झाला होता की कावळी असती तर तिने लगेच अंडी घातली असती.

एवढ्यात बेल वाजली. पूलकाका.

"दीड मिलिमीटर!" ते दारातूनच म्हणाले. "आत्ता, या क्षणी! काय चाललंय?"

"काही नाही, काका. बसा ना," मी मशीनवर कोपर टेकवल्यासारखं करत म्हणालो. बसलेला माणूस पाहुण्यासाठी उठत नाही याचं त्यांना आधी वाईट वाटलं, आणि मग कारण दिसल्यावर फार बरं वाटलं. हिने कात्री आणली आणि मला मशीनपासून वेगळं केलं. काका तेवढा वेळ आवर्जून थांबले.

ते गेल्यावर हिने झाकण उलटून पाहिलं. चामडं पुढे ढकलणाऱ्या दात्यांचे ओरखडे एका ओळीत उमटले होते आणि मधोमध तेलाचा डाग, बशीएवढा. चामड्यावरचं तेल जात नाही. मला वाटलं, आता ती बोलेल. बोलली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण ती खिडकीपाशी जाऊन बसली, बोटांना नव्या पट्ट्या लावल्या आणि टोच्या हातात घेतला. मुदतीतले पंधरा दिवस संपले होते आणि तिची सहा दप्तरं झाली होती. मी बावीस वर्षं लोकांचं नुकसान कागदावर मोजत आलो आहे. समोर बसलेलं नुकसान कसं दिसतं ते त्या दुपारी पाहिलं.

मग मी ठरवलं की निदान नासधूस तरी दुरुस्त करायची. मोटारीचा पट्टा गुंत्यात अडकला होता, म्हणून मशीनच्या बाजूची पुली, म्हणजे पट्टा ज्यावर फिरतो ते चाक, काढायला गेलो. निघेना. हातोडीने हलकेच सांगितलं. तिला तडा गेला. तशीच दुसरी करून घ्यायला लेथवाल्याकडे गेलो. त्याने माप विचारलं. मी खिशातून कागद काढला, ज्यावर मी जुन्या पुलीचं माप घेऊन कंपासने सुबक वर्तुळ काढायचं ठरवलं होतं. काढायला वेळ झाला नव्हता, म्हणून तिथेच त्याचा कंपास घेतला, जुनी पुली पाच इंच रुंद म्हणून पाच इंच उघडला आणि फिरवला. आता शाळेतल्या कोणत्याही मुलीला माहीत असतं की पाच इंच उघडलेल्या कंपासने दहा इंच रुंदीचं वर्तुळ निघतं. त्या वेळी तिथे शाळेतली कोणतीही मुलगी नव्हती.

संध्याकाळी पुली हातात आली. जेवणाच्या ताटाएवढी. लेथवाला म्हणाला, "कागदाबरहुकूम आहे, साहेब." परत कोणत्या तोंडाने करणार? घरी आणली, लांब पट्टा आणला, टेबलात भोक मोठं केलं आणि सगळं असं बसवलं की जणू मूळ विचार हाच होता. सुरू मात्र करून पाहिलं नाही. धीर झाला नाही.

दरम्यान ही गप्प बसलेली नव्हती. ती त्या तंबूच्या कारखान्यात जाऊन आली होती. तिथे आता फक्त पहारेकरी असतो. तिने त्याला एवढंच विचारलं, "सतरा नंबरवर कोण बसायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात साठीच्या एक बाई उभ्या. काटक, केस घट्ट बांधलेले, हातात कापडी पिशवी. आत आल्या, मशीनकडे बघितलं आणि त्याच्या मानेवर हात फिरवला. एकोणीस वर्षं त्या या मशीनवर तंबू शिवत होत्या. कारखाना बंद झाला त्या दिवशी अर्धी शिवण तशीच ठेवून उठावं लागलं होतं.

मग त्यांनी डोळे पुसले आणि झाकण उघडलं. त्यानंतर त्यांचा चेहरा बदलला.

"कुणी उघडलं होतं हे?"

ही माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

"सुई उलटी आहे," मावशी म्हणाल्या. "खालचा धागा नेणारं शटल सुईच्या आधीच निघून जातंय, मग टाका पडणार कुठून? आणि ह्याला तेल दिलंय की आंघोळ घातलीय?"

"जुनं आहे, म्हणून जरा..." मी म्हणालो.

"मीही जुनीच आहे, दादा. मला घालाल का बुडवून?"

त्यांनी पिशवीतून स्वतःची हत्यारं काढली. दोन हरवलेले स्क्रू पहिल्या पाच मिनिटांत बाहेर आले, चुंबकाला चिकटून. मग जे चाललं ते मी स्टुलावर बसून पाहिलं. तंबूचं कापड पुढे ढकलणारे दाते चामड्याला चावतात, म्हणून त्यांनी ते कानस मारून गुळगुळीत केले. वरून दाबणारा पाय चामड्यावर अडकतो, म्हणून त्याच्या जागी छोटं चाक असलेला पाय बसवला. टेन्शनची नवी स्प्रिंग बसवली. सुई बदलली, चामड्याच्या सुईचं टोक कापणारं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. शटल आणि सुईची वेळ त्यांनी कान लावून जुळवली. जास्तीचं तेल टिपायला त्या तुकड्यांमागून तुकडे शिवत राहिल्या, शेवटच्या तुकड्यावर डाग पडेनासा झाला तोवर.

पण त्याआधी, पहिल्यांदा पाय ठेवताना, त्या क्षणभर थांबल्या होत्या. मीही कानांवर हात ठेवले होते. आणि मशीन चालू झालं ते टक्, टक्, टक्, टाका मोजता येईल असं. तीन पदरी चामड्यातून सुई लोण्यातून जावी तशी जात होती.

"अरेच्चा," मावशी म्हणाल्या. "हे असं कधीच चाललं नव्हतं. आमच्याकडे पळायचं नुसतं." त्यांनी बाजूला वाकून पाहिलं. "पुली मोठी केलीय! चामड्याला हेच लागतं. पळ कमी, जोर जास्त. कुणाला सुचलं, ताई?"

हिने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. सत्य सांगायचं की मौन बाळगायचं, असा प्रसंग होता. मी मौन बाळगलं, पण चेहऱ्यावर विनय आणून. विनयाचा अर्थ लोक आपल्याला हवा तसा लावतात.

त्या दिवसापासून मावशी रोज अकरा वाजता येऊ लागल्या. ही कापायची, मावशी शिवायच्या. कामाची वाटणी, नफ्याची वाटणी, सगळं त्या दोघींनी चहाच्या एका कपात ठरवलं. मला शनिवार-रविवारी कडा चिकटवायचं काम मिळालं. डाव्या हातात पट्टी, उजव्या हातात गोंदाचा ब्रश. चूक झाली की दोघी एकदम "अं हं" म्हणायच्या. तरीही मी खूश होतो. बावीस वर्षांत प्रथमच माझ्या हातून काहीतरी जोडलं जात होतं.

मुदतीला पाच दिवस उरले होते आणि नऊ दप्तरं बाकी होती, तेव्हा एका शनिवारी दुपारी वीज कार्यालयाचे निरीक्षक आले. काखेत फाइल, चेहरा शांत. त्यांच्यामागे पूलकाका, अध्यक्ष या नात्याने.

मी सगळं समजावलं. मोटार बदलली आहे, धुरांडं नाही, कधीच नव्हतं. निरीक्षकांनी मोटार पाहिली, मान डोलावली. "ठीक आहे. घरगुती मोटार. आता एकच मुद्दा. यंत्रावर किती माणसं काम करतात?"

"का?" हिने विचारलं.

"दोनपर्यंत असतील तर गृहोद्योग. तिसरं माणूस असलं की कारखाना. मग काम आजच बंद ठेवावं लागेल, परवाना येईपर्यंत." त्यांनी खोलीत नजर फिरवली आणि मोजलं. "एक. दोन." आणि ब्रश हातात घेतलेल्या माझ्याकडे पाहून म्हणाले, "हे?"

"हे माझे मिस्टर," ही म्हणाली.

"ते कळलं. काय करतात इथं?"

मशीनवर छप्पन गोष्टी मी केल्या होत्या. उघडलं होतं, पुसलं होतं, मोटार बदलून घेतली होती, स्वतःची बाही दिली होती. बाकीच्या नऊ दप्तरांच्या कडा माझ्यासमोर होत्या. हिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनंती होती, आणि ती मला हिच्याकडून फारशी मिळत नाही.

"मी काही करत नाही," मी म्हणालो.

"हातात ब्रश आहे."

"धरलाय नुसता."

निरीक्षकांना पटेना. तेव्हा पूलकाका पुढे सरसावले. इतक्या उत्साहाने शेजारधर्म पाळलेला मी पाहिला नव्हता. "साहेब, मी साक्ष देतो. यांना यातलं ओ की ठो कळत नाही. यांनी स्वतःला मशीनला शिवून घेतलं होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मी आले तेव्हा सुई उलटी होती," मावशी म्हणाल्या.

"स्प्रिंग खिडकीतून घालवली," ही म्हणाली. तिने जरा थांबून पुढचंही सांगितलं. "केकच्या ट्रेना अजून रॉकेलचा वास येतो."

एकेका साक्षीनिशी निरीक्षकांचा चेहरा सैल होत गेला. शेवटी त्यांनी फाइल उघडली आणि सहज मशीनच्या बाजूला वाकले. "वा! ही पुली कुणी बसवली? डोकं आहे हो या माणसाला. मी एवढी मशिनं बघतो, हा विचार कुणी करत नाही."

त्या मशीनवरून एखाद्या सरकारी अधिकाऱ्याने माझी स्तुती केली, अशी ही एकमेव वेळ. तिघांच्याही नजरा माझ्यावर होत्या. हिला लेथवाल्याची सगळी हकिगत ठाऊक होती. तिने मान खाली घातली आणि तिचे खांदे हलू लागले.

"मशीनबरोबरच आली," मी म्हणालो. "जसं होतं तसं घेतलं."

निरीक्षक लिहू लागले. पस्तीसच्या पस्तीस दप्तरं पुढे वेळेवर गेली आणि परिषदेतल्या मंडळींनी आणखी साठ मागवली, हे खरं. पण त्या दुपारी ते काहीच ठाऊक नव्हतं. पेनाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. लिहून झाल्यावर त्यांनी अहवाल माझ्यापुढे धरला.

'सदर जागेत एक शिलाई यंत्र, दोन महिला कारागीर व एक इसम आढळून आला. चौकशीअंती सदर इसमाचा यंत्राशी कोणताही संबंध नसल्याची खात्री झाली. इसम निरुपद्रवी आहे. धुरांडे : आढळले नाही.'

मी तो दोनदा वाचला. माझ्या धंद्यातल्या नजरेने त्यात एकही फट सापडली नाही. 'निरुपद्रवी'बद्दल पूलकाकांनी बारीक आवाजात हरकत घेतली, पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"इथे सही," निरीक्षक म्हणाले.

मी सही केली. कागद परत द्यायला गेलो, तर तो सुटेना. बोटांना गोंद होता. कागद माझ्या हाताला पक्का चिकटला होता, नेमका 'कोणताही संबंध नसल्याची' या शब्दांपाशी. निरीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांकडे पाहिलं, मग खिडकीतून बाहेर पाहिलं. आणि एका कोपऱ्यापासून हळूहळू, दप्तराची कड सोडवावी तसा, तो कागद सोडवून घेऊन फाइलमध्ये ठेवला.